बोलायची बाई

समुपदेशनाचा इतिहास मला एकेकाळी तोंडपाठ होता. सोलापूरला समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला तो दहा मार्कांचा प्रश्न हमखास यायचा. परदेशातल्या मोठ्या शहरांत पोरांना कोणता नोकरीधंदा धरावा हे सांगणारे लोक कसे पुढे आले, युद्धावरून परतलेल्या सैनिकांशी बोलायला कोण बसलं, मग सल्ला न देता नुसतं ऐकून घ्यायची पद्धत कशी निघाली, हे सगळं मी घोकून लिहिलं आणि दहापैकी नऊ मिळवले. त्या इतिहासात आमचा जिल्हा कुठंच नव्हता. माझी आत्या तर नव्हतीच, आणि ती नव्हती याचं मला फार बरं वाटलं होतं.

आत्याच्या अंगात देवी यायची. ती तरणीताठी असतानाच विधवा होऊन भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या घरी परत आलेली. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तिच्यापुढं बायका येऊन बसायच्या. अणदूरहून, लोहाऱ्याहून, वडापच्या जीपमध्ये अंग चोरून बसून यायच्या. वारं उतरलं की आत्या तोंड धुवायची, चहा घ्यायची आणि आलेल्या बाईला गोठ्याच्या कडेला नेऊन साध्या आवाजात विचारत बसायची. घरात सगळ्यांच्या मागून कोण जेवतं, किल्ल्या कुणाच्या कमरेला असतात, नवरा मारतो तेव्हा मधे कोण पडतं. तासतासभर चालायचं ते. पाण्याचा तांब्या घेऊन मी तिथं उभी असायची आणि मला त्या सगळ्या बायकांची किळस यायची.

एकदा आत्या होस्टेलवर मला भेटायला आली. कपाळभर मळवट, हातात धपाट्यांचा डबा. मैत्रिणींनी विचारलं, कोण गं ही? मी म्हटलं, आमच्याकडं स्वयंपाकाला आहे. आत्यानं ते ऐकलं. तिनं डबा खाली ठेवला, मला "ताई, येते मी" म्हणाली आणि स्वयंपाकीण जाईल तशी मान खाली घालून निघून गेली. धपाटी मी मैत्रिणींबरोबर खाल्ली.

पुढं मला एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कंत्राटी समुपदेशकाची नोकरी लागली. खोली म्हणजे आधीचं अडगळीचं कोठार. मोडका वजनकाटा आणि सलाईनचे गंजके स्टँड एका बाजूला सारून मला टेबल दिलं. दारावर रंगानं 'समुपदेशन कक्ष' लिहून घेतलं, पण तो शब्द कुणाच्या तोंडात बसेना. केसपेपर काढणारा माणूस आलेल्यांना सांगायचा, तिकडं बोलायची बाई हाय, तिच्याकडं जावा. लोक यायचे, बसायचे, आणि पाच मिनिटांनी विचारायचे, बाई, सुई कधी देणार? नर्स माझ्या खोलीत शेंगा फोडत बसायच्या. डॉक्टर म्हणायचे, तुमचं काम चांगलं आहे, त्याला काही लागत नाही. पहिलं वर्षभर मी त्या खुर्चीत बसून दात ओठ खात होते. आपण कोण आहोत हे एकदा या लोकांच्या डोळ्यांत भरलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

अशात एका बुधवारी ती सासू आपल्या सुनेला घेऊन आली.

सासू साठीची, नऊवारी नेसलेली, बोलायला गोड. सून चाळिशीच्या अलीकडची, हाडं वर आलेली. सासूनं सांगितलं की सुनेच्या अंगात आईचं, म्हणजे देवीचं, वारं येतं, चार-पाच वर्षं झाली, आता फार वाढलंय. देवऋष्याकडं नेलं का म्हणून विचारलं तर ती म्हणाली, "न्हाय बाई, आमी सरकारी दवाखान्यावर इस्वास ठिवनारी माणसं. खरं काय, खोटं काय, ते तुमीच बघा." मी हरखून गेले. खेड्यातली अडाणी बाई देवऋष्याकडं न जाता माझ्याकडं येते, याहून मोठं यश कोणतं? मी तिच्यासाठी चहा मागवला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या गोष्टीवरूनच घडलं. आमच्याकडं ज्या बाईच्या अंगात येतं तिला देवी 'माझं झाड' म्हणते. देवी बोलते ती झाडाच्या तोंडून. माझ्या झाडाला उपाशी का ठेवलं, माझ्या झाडावर हात का उगारला, असं सगळ्यांसमोर विचारते, आणि मग घरातली माणसं हात जोडून उभी राहतात. सासू, सासरा, दीर, झाडून सगळे पायावर डोकं ठेवतात आणि चुकलं आई म्हणतात. वारं उतरलं की तीच बाई चुलीपुढं जाऊन भाकरी थापायला लागते, आणि मघाशी ती काय बोलली याबद्दल तिला कुणी एक अक्षर विचारत नाही. बोलली ती देवी. झाडाला त्यातलं काही ठाऊक नसतं, असं धरूनच सगळे चालतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि दहापैकी नऊ मार्क मिळवताना मी ते विसरले होते.

तीन बुधवार मी त्या सुनेला एकटीला बसवून ऐकलं. मी चांगली ऐकायची, हे मात्र खरं. तिला एकच मुलगी, बारावीला. देवीनं गेल्या दोन वर्षांत काय काय मागितलं ते मी हळूहळू काढून घेतलं. झाडाला नवऱ्यानं मारायचं नाही, हे पहिलं. ते पाळलं गेलं होतं. झाडाला सगळ्यांबरोबर जेवायला वाढायचं, तेही पाळलं गेलं होतं. आणि शेवटचं मागणं, गेल्या नवरात्रातलं, साऱ्या भावकीसमोरचं. झाडाची पोर नर्स झाल्याशिवाय तिच्या लग्नाचा मांडव घालायचा नाही. ज्या घरात बाईला रडायची चोरी होती तिथं तिनं एवढं मिळवलं होतं. मी ते वहीत लक्षणं या रकान्यात लिहिलं.

तिसऱ्या बुधवारी ती खाली बघत म्हणाली, "ताई, कवा कवा खरंच येतं. अंग हलकं हुतं, कायबी कळत न्हाय. आन् कवा कवा म्याच आनते."

मी वही पुढं ओढली. आजही तो क्षण आठवला की मला आधी आनंदच आठवतो, आणि त्या आनंदाची चीड येते. मला प्रकरण सापडलं होतं. मी तिला सांगितलं की हे कुणाला कळणार नाही, पण तिनं स्वतः हे घरच्यांना सांगितलं तर ती मोकळी होईल. जे वाटतं ते देवीच्या आडून कशाला, स्वतःच्या तोंडानं सांगायचं, हक्कानं सांगायचं. आम्हाला तसंच शिकवलं होतं, घराला समोर बसवा आणि बाईला तिचं म्हणणं तिच्या नावानं मांडायला लावा. तिनं विचारलं, घरी मारतील का? मी तिच्या हातावर हात ठेवला.

"मी आहे ना," मी म्हणाले.

पुढच्या बुधवारी नवरा, सासू आणि ती अशी तिघं माझ्यासमोर बसली. दार उघडं होतं. बाहेर नर्स कान देऊन उभ्या आहेत हे मला दिसत होतं आणि मी दार लावलं नाही. सून उठून उभी राहिली, पदर घट्ट धरला आणि पाठ केल्यासारखं म्हणाली की आई बोलत नाही, मीच बोलते. मला मारू नका, आणि माझ्या लेकीला शिकू द्या.

नवरा खाली बघत राहिला. सासू मात्र सुनेकडं टक लावून बघत होती. तिचा चेहरा हलला नाही.

"म्हंजी नवरात्रात, भावकीम्होरं, म्या तुझ्या पायावर डोकं ठिवलं व्हय?" ती अगदी हळू म्हणाली.

सासू उठली, पदर सारखा केला, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, बाई, तुमचे लई उपकार झाले. मी त्या दिवशी वहीत लिहिलं: सासू-सुनेत प्रथमच मोकळा संवाद. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. अक्षर सुरेख आहे.

त्या रविवारी गावी गेले तेव्हा मी आत्याला हे सगळं मुद्दाम रंगवून सांगितलं. तिला टोचावं म्हणूनच. आत्या तोवर थकली होती, तिच्याकडं येणाऱ्या बायकाही कमी झाल्या होत्या. ती तांदूळ निवडत ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"मंग आता तिचं कोन ऐकायचं?"

मी तिला सुनावलं की असल्या बायकांमुळंच आमची गावं मागं राहिली. ती खडे बाजूला काढत राहिली.

महिन्यानं पाठपुराव्यासाठी मी त्यांच्या गावी गेले. तिथल्या आशा कार्यकर्तीनं वाटेतच मला सगळं सांगितलं. सांगताना तिला मजा वाटत होती, बिचारीला काय कळणार. सासूनं पायावर ठेवलेल्या डोक्याचा वचपा काढला होता. त्या चार-पाच वर्षांत सुनेच्या पायावर ज्यांनी ज्यांनी डोकं ठेवलं होतं, त्या सगळ्यांच्या घरी तिनं सुनेला नेलं, आणि प्रत्येकाच्या पायावर तिचं डोकं टेकवलं. भावकीची सगळी घरं झाली. मग शेजारची, मग वस्तीवरची, मग लग्न होऊन गेलेल्या नणंदा. दिराच्या शाळकरी पोरानं एकदा देवीला नमस्कार केला होता, त्याच्यासुद्धा. काहींनी नको नको म्हटलं. काहींनी पाय पुढं केले. एका घरात म्हणे चुलत सासऱ्यानं पाय धुवून घेतले. सगळं गाव हसत होतं, आणि कुणाच्याही मनात भीती नव्हती, कारण सरकारी बाईनं खात्री करून दिली होती की देवी नाही.

घरी गेले तर दारात मांडव घालायला गाडीतून वासे उतरवणं चाललं होतं. उमरग्याकडचं स्थळ, चालून आलेलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. स्थळ आधीच आलेलं होतं. सासूला देवीचा शब्द मोडायचं धाडस नव्हतं, म्हणून तिनं तो मोडायला मला गाठलं होतं. पोरीची अठरा वर्षं कागदोपत्री भरलेली होती, त्यामुळं कायद्यालाही हात घालता येईना. मी काहीतरी पुटपुटले, शिक्षण वगैरे. सासूनं मला पाटावर बसवलं, बशीत लाडू दिले, आणि शेजारणीला ओळख करून दिली: आमच्या सुनबाईचं वारं ह्यांनीच काढलं. सून मागच्या बाजूला भांडी घासत होती. तिनं वळून पाहिलं नाही. मी आहे ना असं जिला म्हटलं होतं तिच्यापासून मी पंधरा पावलांवर बसून लाडू खात होते.

निघताना पोरगी मागून रस्त्यापर्यंत आली. हिरवा चुडा भरायचा बाकी होता, मेंदी आधीच लागली होती.

"मॅडम, तुमी काढलंय, तर तुमाला परत घालता बी येत आसंल ना?" तिनं विचारलं. "फकस्त लग्न मोडूस्तवर."

मी तिला म्हटलं की असं काही नसतं. तिनं मान डोलावली. खरंच पटल्यासारखी डोलावली, आणि घराकडं वळली.

यानंतर मी काय केलं? नोकरी सोडली नाही. आजारी पडले नाही. दोन रात्री झोप लागली नाही, तिसऱ्या रात्री लागली. पुढच्या महिन्यात ते प्रकरण जिल्ह्याला अहवालात गेलं आणि कुणाला तरी आवडलं. अंधश्रद्धेविरुद्ध यशस्वी समुपदेशन म्हणून माझा सत्कार झाला, पेपरात फोटो आला. डॉक्टरांनी ते कात्रण फ्रेम करून माझ्याच खोलीत लावलं. नर्सांनी शेंगा फोडायला दुसरी खोली शोधली. लोक मला मॅडम म्हणायला लागले. नव्या समुपदेशकांच्या प्रशिक्षणात मला बोलवायचे आणि मी तेच प्रकरण सांगायचे, दरवेळी थोडं अधिक सफाईनं. बुधवारच्या त्या बैठकीपाशी येऊन मी थांबायचे. पुढचं सांगितलं असतं तर मला सांगायला काहीच उरलं नसतं. आत्या वारली त्या दिवशीसुद्धा मी सोनारीकडच्या एका गावात तेच सांगत होते. मातीला पोचले नाही. समुपदेशक म्हणून माझी जी काही ओळख आहे ती अशी, एका बाईचं तोंड बंद करून मिळवलेली, आणि मी ती वर्षानुवर्षं मिरवली.

पाच वर्षांनी, परवाच्या आषाढात, ती पोरगी माझ्या खोलीत आली.

मी ओळखलं नाही. तिच्या सासूनंच ओळख करून दिली. ही सासू वेगळी, तरुण, सहावारीतली, हातात मोबाईल. म्हणाली, हिच्या अंगात यायला लागलंय, दिवाळीपासून. मूल होत नाही म्हणून आम्ही हिच्या नवऱ्याचं दुसरं बघायला लागलो, तर हिची देवी म्हणते माझ्या झाडावर सवत आणली तर घर धुळीला मिळवीन. माझा पोरगा घाबरून बसलाय. आता तुम्ही बघा.

त्या दिवशी माझ्या मागं दोन नव्या मुली वह्या घेऊन बसलेल्या होत्या. माझं काम बघून शिकायला जिल्ह्यानं पाठवलेल्या. मी सासूला बाहेर थांबवलं आणि पोरीला विचारायला सुरुवात केली. कधीपासून येतं, आधी काय होतं, नंतर काय आठवतं. ती माझ्याकडं शांतपणे बघत होती. चेहरा आईचाच, हाडं तशीच वर आलेली.

"खरं का खोटं, ते मी तुमाला सांगनार न्हाय," ती म्हणाली. "आईनं सांगितलं हुतं."

मी बाहेर गेले. या नोकरीत पहिल्यांदा मी ठरवून खोटं बोलले, किंवा खरंही असेल ते, मला माहीत नाही. सासूला सांगितलं की हा आजार नाही, हे देवाधर्माचं दिसतं, याच्यात हात घालू नका, दुसऱ्या लग्नाचा विषय तर काढूच नका. सासूनं माझ्याकडं चमकून पाहिलं आणि हसली. मला बाजूला सारून खोलीत आली आणि भिंतीवरच्या कात्रणाकडं बोट दाखवलं.

"हिच्या आईचं खोटं, आन् हिचं खरं व्हय? तिनं तर तुमच्याच म्होरं कबूल केलंय." मग खुर्ची ओढून बसली. "तसंच करा. हिलाबी बोलायला लावा, आमच्याम्होरं."

नव्या मुलींनी वहीचं पान उलटलं. पोरीनं एकदा सासूकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग तिनं हात मागं नेले, वेणीचा रबर काढला आणि केस मोकळे सोडले. मान फिरायला लागली. आधी हळू, मग जोरात, केस टेबलावरच्या वह्यांना लागायला लागले. घशातून आवाज आला, आणि ती हुंकारत म्हणाली की कोण माझ्या झाडाला पारखायला बसलंय.

सासू तिच्याकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. तिच्या तोंडावरचं हसू गेलं होतं, ओठ सुकले होते. तिला भीती वाटत होती, हे मला स्पष्ट दिसलं. ती फक्त मी काय करते त्याची वाट बघत होती. मी हात जोडले असते तर तिनं लोटांगण घातलं असतं. एवढ्याशा गोष्टीवर त्या पोरीचा संसार येऊन ठेपला होता, आणि मला ते पक्कं कळत होतं. आत्याच्या ओसरीवर मी हजारदा बघितलेलं होतं, हात कसे जोडतात आणि कसं वाकतात. मला ते शिकायची गरज नव्हती.

पण मागं दोन मुली होत्या. भिंतीवर फ्रेम होती. दारात नर्स येऊन उभ्या राहिल्या होत्या. माझे हात टेबलावर होते, केसपेपरच्या दोन बाजूंना, आणि ते तिथंच राहिले.

सासूनं बराच वेळ माझ्या हातांकडं पाहिलं. मग तिचा जीव भांड्यात पडला. ती उठली, पोरीचे मोकळे केस मुठीत धरले आणि फिरती मान जागच्या जागी थांबवली.

"चल घरी," ती म्हणाली. "बाईंनी सांगितलं."

पोरगी मुकाट्यानं उठली. दारातून जाताना तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. आवाज तिचा नेहमीचा, बारीक होता.

"नुसतं हात जोडायचं हुतं, मॅडम."

त्या दोघी गेल्यावर नव्या मुलींपैकी एकीनं विचारलं की केसपेपरवर काय लिहायचं असतं. मी तिला सांगितलं, लिही, यशस्वी समुपदेशन.